पेशीचा श्वास शोधणाऱ्या कमलाबाई

आज घरी गेल्यावर एक छोटासा प्रयोग करा. एक बटाटा घ्या. तो मधोमध कापा आणि ताटलीत तसाच ठेवून द्या. थोड्या वेळाने पाहा. त्याचा पांढरा भाग आधी तांबूस होईल आणि मग काळपट दिसू लागेल. म्हणूनच तुमची अम्मी बटाटे चिरले की ते लगेच पाण्यात टाकते. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते, पण आपण त्याकडे लक्ष देत नाही.

मंडईत पोत्यात पडलेला बटाटा आपल्याला निर्जीव वाटतो. खरे तर तो जिवंत असतो. तो श्वास घेत असतो. त्याच्या पेशी हवेतला ऑक्सिजन घेतात, साठवलेले अन्न हळूहळू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. जुन्या बटाट्याला कोंब फुटतात, ते त्याच बळावर.

बटाटा श्वास घेतो म्हणजे नेमके काय करतो? त्याच्या पेशीतले कोणते पदार्थ हे काम करतात? १९३८ च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे एक मराठी तरुणी या प्रश्नाचे उत्तर शोधत होती. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतर ती डॉ. कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. (त्याआधी १९३१ मध्ये जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने वनस्पतिशास्त्रात डी.एससी. ही पदवी दिली होती, हेही लक्षात ठेवा.)

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. तुमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांच्यापेक्षा एकच वर्षाने मोठे. म्हणजे ही दोघे एकाच पिढीची. कोटणीस १९३८ मध्ये जखमी सैनिकांची सेवा करण्यासाठी चीनला गेले, तर कमलाबाई त्याच्या एक वर्ष आधी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. त्या काळात घरापासून एवढ्या दूर जाणे मुलग्यांनाही सोपे नव्हते. मुलीला तर त्याहून अवघड.

कमलाबाईंच्या घरात विद्येला मान होता. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांनीही बंगळूरच्या टाटा संस्थेत शिक्षण घेतले होते. आज आपण तिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतो. कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीचे नावही तुम्ही कदाचित ऐकले असेल. त्या म्हणजे मराठीतील थोर लेखिका दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी झाडे, फुले आणि ऋतू यांवर सुंदर लेख लिहिले. एका बहिणीने झाडाचे रूप पाहिले आणि दुसरीने त्याच झाडाची पेशी सूक्ष्मपणे तपासली. एका घरात असे दोन छंद वाढावेत, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एससी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. गुणवत्ता यादीत त्यांचा पहिला क्रमांक आला. आता वडिलांप्रमाणे आणि काकांप्रमाणे आपणही बंगळूरला जाऊन संशोधन करायचे, असे त्यांनी ठरवले. गुण उत्तम होते, घरच्यांचा पाठिंबा होता. नाही म्हणायला काही कारणच नव्हते. त्यांनी अर्ज पाठवला.

अर्ज नाकारण्यात आला.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते रामन. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता आणि आजही आहे. परंतु मुलींनी संशोधन करावे, हे त्यांना मान्य नव्हते. कमलाबाईंच्या गुणांत त्यांना खोट काढता आली नाही. त्या मुलगी आहेत, एवढेच त्यांना पुरेसे होते. वडिलांनी विनंती केली, काकांनी विनंती केली. उत्तर बदलले नाही.

विचार करा, अशा वेळी आपण काय केले असते? बहुतेक जण नशिबाला बोल लावून घरी बसले असते. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मला कोणत्या कारणाने नाकारले ते सांगा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. प्रवेश मिळाल्याशिवाय येथून हलणार नाही, असेही त्यांनी ठणकावले. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. कमलाबाईंनी तोच मार्ग एका शिक्षणसंस्थेत वापरला.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. वर्षभराचे काम पाहून मगच प्रवेश पक्का व्हायचा होता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्र झाली तरी, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या तेथे असण्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट वाचून आज आपल्याला राग येतो. कमलाबाईंनाही आला. या वागणुकीने मोठा अपमान झाला, हे त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते.

रामन मोठे शास्त्रज्ञ होते, यात शंका नाही. मात्र मोठा माणूस प्रत्येक बाबतीत बरोबरच असतो असे नाही. येथे ते चुकले. एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. वर्षभर कमलाबाईंचे काम पाहून त्यांनी प्रवेश पक्का केला आणि पुढे संस्थेची दारे मुलींना उघडली. नंतर १९४० मध्ये अण्णा मणी यांनी तर खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन सुरू केले.

बंगळूरमध्ये कमलाबाईंचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगा यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषय साधा वाटतो. पण आपल्या देशातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळींमधूनच. सोलापुरी तुरीची आमटी असो किंवा तुमच्याकडचा खिचडा असो, दोन्हींना ताकद येते ती डाळीमुळे. १९३६ मध्ये या कामाबद्दल त्यांना एम.एससी. पदवी मिळाली.

पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला पोहोचल्या. तेथे जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रयोगशाळेत गर्दी इतकी की नव्या माणसाला टेबल मिळणे मुश्कील. डॉ. डेरेक रिक्टर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने कमलाबाईंना आपले जादा टेबल वापरायला दिले. दिवसा त्या टेबलावर कमलाबाईंचे प्रयोग चालत आणि रात्री रिक्टरसाहेब त्याच टेबलावर झोपत, असे सांगतात! पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात वरच्या वर्गात तुम्हांला हिल अभिक्रिया शिकायला मिळेल. ते हेच हिल.

आता आपल्या बटाट्याकडे परत येऊ.

पेशीत अन्नाचे ज्वलन होते, पण ते चुलीतल्या लाकडासारखे भडकून होत नाही. तसे झाले तर पेशीच जळून जाईल. पेशी हे काम अगदी थोडे थोडे करते. टंचाईच्या दिवसांत टँकर येतो तेव्हा मोहल्ल्यातली माणसे कशी ओळ करतात ते आठवा. एकाने घागर दुसऱ्याच्या हातात द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. पेशीतही अशी एक ओळ असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण हातोहात पुढे सरकतात. ओळीच्या शेवटी ऑक्सिजन असतो. तो ते कण घेतो आणि त्यातून पाणी तयार होते. या प्रवासात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर पेशीचे सारे कामकाज चालते.

या ओळीत उभ्या असलेल्या काही पदार्थांना सायटोक्रोम म्हणतात. ते रंगीत असतात आणि त्यांच्या पोटात लोहाचा अणू असतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये त्यांना हे नाव दिले. कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये ते काम करतात, हे त्यांनी दाखवले. वनस्पतींमध्येही सायटोक्रोमच्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. पण झाडाच्या पेशीत श्वसनाचे काम खरोखर तेच करतात का? याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद होते. कारण बटाट्यात दुसरे एक विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असते. कापलेला बटाटा ज्यामुळे काळा पडतो तेच हे विकर. तेही ऑक्सिजन वापरते. त्यामुळे बटाट्याचे श्वसन त्याच्याचमुळे चालते, असे अनेकांना वाटत होते. डोळ्यांना दिसत होते ते हेच विकर. दुसरे कोणी आत लपले असेल, याचा पुरावा नव्हता.

असा पुरावा मिळवणे कठीण होते. प्राण्याच्या ऊतीपेक्षा वनस्पतीची ऊती हाताळायला त्रासाची. पेशीभोवती जाड भिंत असते, ती फोडावी लागते. पेशीत पाणी फार आणि हवा तो पदार्थ अगदी थोडा. बटाटा कुटून रस काढावा, तर रसही बघता बघता काळा पडतो. कमलाबाई आणि हिल यांनी चिकाटीने हे काम केले. बटाट्यात आणि इतर वनस्पतींतही सायटोक्रोम सी आहे आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे विकरही आहे, असे त्यांना दिसून आले. म्हणजे माणूस, कीटक, यीस्ट आणि बटाटा यांच्या पेशी मुळात एकाच रीतीने श्वास घेतात! १९३९ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात या दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

याचा आपल्या शेतीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. रोपाची मुळे मातीतून पाणी आणि क्षार घेतात, हे तुम्ही शिकला आहात. पण मुळे म्हणजे टीपकागद नव्हे. मातीच्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात आणि मुळांच्या आत जास्त. कमीकडून जास्तीकडे ओढून न्यायचे तर ताकद लागते. ती ताकद मुळांना श्वसनातून मिळते. त्याच सुमारास स्वीडनचे लुंडेगॉर्ड हे शास्त्रज्ञ मुळांचे श्वसन आणि क्षारांचे शोषण यांचा संबंध तपासत होते आणि त्यांनीही सायटोक्रोमकडेच बोट दाखवले. त्यांनी सांगितलेली रीत पुढे जशीच्या तशी टिकली नाही. पण क्षार आत घेण्यासाठी मुळांना श्वसनाची ऊर्जा लागते, हे पक्के ठरले.

सोलापूरच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. रानात पाणी साचून राहिले की पीक पिवळे पडते. खाली पाणी आहे, क्षार आहेत, तरीही रोप उपाशी! कारण मातीतली हवा गेली. मुळे गुदमरली. शेतकरी कोळपणी करतो तेव्हा तण तर जातेच, शिवाय माती भुसभुशीत होऊन मुळांना हवा मिळते. आणखी एक उदाहरण घ्या. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. शेतकरी म्हणतात, उसावर केवडा पडला. अशा जमिनीत लोह असते, पण ते मुळांना सहज घेता येत नाही. मग हिराकशीची फवारणी करतात, कारण हिराकशीत लोह असते. झाडाला लोह थोडेच लागते, पण त्याच्यावाचून पानांचा हिरवा रंग तयार होत नाही. आणि सायटोक्रोमच्या पोटात असते तेही लोहच. १९३३ मध्ये, म्हणजे कमलाबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी, सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. कमी पावसात पीक कसे तगेल, याचा विचार तेथे होत होता. कमलाबाईंचा त्या केंद्राशी संबंध नव्हता. पण शेतातला प्रश्न आणि प्रयोगशाळेतला प्रश्न किती जवळचे असतात, ते यावरून ध्यानात येईल.

कमलाबाईंनी पीएच.डी. साठी लिहिलेला प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. एरवी असे प्रबंध शेकडो पानांचे असतात. काम सुरू केल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी तो पूर्ण केला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. बंगळूरला ज्या मुलीला वर्षभर कच्च्या यादीत ठेवले होते, तिने हे करून दाखवले होते.

परदेशात राहून नाव कमावणे त्यांना शक्य होते. पण त्या १९३९ मध्येच भारतात परतल्या. आपल्या ज्ञानाचा आपल्या लोकांना उपयोग व्हावा, असे त्यांना वाटत होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. त्यानंतर दक्षिणेत कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. तेथे मात्र पुढे वाव दिसेना. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला आणि अनेक विद्यार्थी घडवले. संशोधनासाठी विषय निवडले तेही गरिबांच्या ताटातले. डाळी आणि कडधान्ये त्यांनी पुन्हा हाती घेतली. वाल, डबल बी यांसारख्या कडधान्यांत एक प्रकारचे द्रव्य असते. आपल्या पोटात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे विकर आहे. त्याच्या कामात हे द्रव्य अडथळा आणते. त्यामुळे कच्चे कडधान्य खाल्ले तर त्यातील प्रथिने नीट अंगी लागत नाहीत. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा द्रव्यांचा बारकाईने अभ्यास केला. नीट शिजवल्याने हा अडथळा बराच कमी होतो. आपल्या आज्या-नान्या कडधान्ये भिजत घालून चांगली मऊ शिजवत आल्या आहेत. त्यामागचे शास्त्र असे प्रयोगशाळेत कळले.

दुसरा विषय नीरेचा. ताड, शिंदी यांसारख्या झाडांतून पहाटे काढलेला गोड रस म्हणजे नीरा. झाडाने तयार केलेले साखरेचे अन्न त्यात वाहत असते. ती ताजी असताना आरोग्याला चांगली, पण ऊन चढले की आंबते आणि तिची ताडी होते. स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास सुरू केला आणि तो वर्षानुवर्षे चालू ठेवला. नीरेत आणि ताडगुळात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना स्वस्तात पोषण मिळावे, हा यामागचा हेतू होता. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामात मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला.

एवढे सारे असूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. हक्क असताना, अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षे थांबावे लागले. बंगळूरचा अनुभव जणू पुन्हा आला. फरक इतकाच, की तेव्हा कारण तोंडावर सांगितले होते. या वेळी तेही कोणी सांगितले नाही. शेवटी ते पद त्यांच्याकडे आले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांच्या हक्कांसाठी एक संस्था स्थापन केली होती. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्या होत्या. वजनमापातील फसवणूक आणि खाद्यपदार्थांतील भेसळ यांविरुद्ध ही संस्था काम करते. पुढे त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. संस्थेच्या नियतकालिकाचे नाव कीमत. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. त्यात कमलाबाई ग्राहकांना सावध करणारे लेख लिहीत.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला. समारंभ चालू असतानाच कमलाबाई अचानक कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८६ वर्षांच्या पुढे होते.

पुढे कधी मोठ्या ग्रंथालयात जाऊन त्यांचे शोधनिबंध पाहायचे ठरवलेत, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेथे त्यांना दोन नावांनी शोधावे लागते. बटाट्याच्या पेशीचा निबंध भागवत या नावाखाली सापडतो, तर वाल आणि डबल बी यांचे निबंध सोहोनी या नावाखाली.